रजोनिवृत्तीनंतरचे एक औषध आणि आपला संकोच

(भगिनींसाठी योजलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. विषय नाजूक असला तरी घरोघरीचा आहे. म्हणून त्यांच्या संमतीने तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.)



आजच्या विषयाचे नाव बाहेरच्या फलकावर लिहिताना संयोजिकांची अडचण झाली. 'रजोनिवृत्तीनंतरचे आरोग्य' एवढेच लिहून त्या थांबल्या. मी त्यांना म्हटले, "फलकावर एवढे पुरे आहे. सभागृहात मात्र मी स्पष्ट बोलणार आहे." योनिमार्गात लावण्याचे इस्ट्रोजेनचे मलम कोणी, केव्हा आणि कशी काळजी घेऊन वापरावे, हा आजचा विषय आहे. आपल्यापैकी कित्येकींना ते कधीतरी लिहून दिले गेले असेल. त्यातल्या कितीजणींनी ते नीट वापरले, हा खरा प्रश्न आहे.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील सेरामपूर येथे एका सतरा वर्षांच्या मराठी मुलीने भाषण केले. आपण अमेरिकेला वैद्यकी शिकायला का जात आहोत, हे तिने त्या सभेत सांगितले. या देशातील स्त्रिया आपले दुखणे पुरुष डॉक्टरांपुढे उघड करू शकत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे, हे तिच्या विवेचनातले एक मुख्य सूत्र होते. त्या आनंदीबाई जोशी. १८८६ साली त्यांना पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. आज शहरोशहरी स्त्री डॉक्टर आहेत. आनंदीबाईंनी सांगितलेली पहिली अडचण बऱ्याच अंशी दूर झाली आहे. पण दुखणे तोंडाने सांगण्याचा संकोच अजून सरलेला नाही. हे मी माझ्याच घरच्या अनुभवावरून सांगते.

घरातलीच गोष्ट

माझ्या सासूबाईंचे वय तेव्हा एकोणसत्तर होते. पहाटे उठणे, पूजाअर्चा, वाचन, नातवंडांचा अभ्यास असा त्यांचा नेमस्त दिनक्रम असे. पण वर्ष-दीड वर्षात त्यांना तीन-चार वेळा लघवीचा संसर्ग झाला. ताप येई, जळजळ होई, प्रतिजैविकांनी बरे वाटे आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. हळूहळू त्यांनी बाहेर जाणे कमी केले. कीर्तनाला बोलावणे आले, तर "आता नाही गं बसवत तासभर," असे म्हणून टाळीत. आम्हांला वाटे, वय झाले.

एके रात्री त्यांना थंडी वाजून ताप भरला आणि त्या असंबद्ध बोलू लागल्या. रुग्णालयात दाखल करावे लागले. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता. त्यांच्या वस्तू घ्यायला मी कपाट उघडले. तिथे बांगड्यांच्या डब्यामागे मलमाची एक ट्यूब सापडली. झाकणाचे सीलही मोडलेले नव्हते. चिठ्ठीवर माझ्याच एका सहकारी डॉक्टरभगिनीची सही होती आणि तारीख होती अकरा महिन्यांपूर्वीची.

बऱ्या झाल्यावर मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "सूनबाई, तुझ्यापुढे कसं बोलणार असलं? म्हणून तिच्याकडे गेले. तिने औषध दिलं. पण आतला कागद मी नातवाकडून वाचून घेतला. त्यात कर्करोग होतो, हृदयविकार होतो, विस्मरण होतं असं लिहिलं होतं. मग ठेवून दिलं."

मी स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ. रोज पन्नास रुग्णांना प्रश्न विचारते. माझ्याच घरातल्या आईला मी कधी विचारले नाही. हा दोष त्यांच्याइतकाच, किंबहुना अधिक, माझा आहे.

नेमके काय घडते

स्त्रीचे रज साधारण बाराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नाशीत थांबते, अशी नोंद सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आहे. आजच्या पाहणीनुसार आपल्याकडे रजोनिवृत्तीचे सरासरी वय सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे समजतात. आयुर्मान वाढल्यामुळे स्त्रीच्या आयुष्याची पुढची तीस वर्षे इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या अभावातच जातात.

योनिमार्गाची आतली त्वचा जाड, ओलसर आणि लवचिक ठेवण्याचे काम इस्ट्रोजेन करते. या त्वचेच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते. तिच्यावर तेथील हितकारक जिवाणू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. दह्याला आंबटपणा देणारे आम्ल ते हेच. या आम्लतेमुळे रोगजंतूंना तेथे थारा मिळत नाही. इस्ट्रोजेन कमी झाले की त्वचा पातळ होते, ग्लायकोजेन आटते, हितकारक जिवाणू कमी होतात आणि आम्लता जाते. मग आतड्यातले जंतू तेथे वस्ती करतात आणि शेजारच्या मूत्रमार्गात शिरतात. मूत्रमार्ग आणि मूत्राशयाचे मुख यांनाही इस्ट्रोजेनची गरज असतेच. म्हणून कोरडेपणा, खाज, जळजळ, संबंधाच्या वेळी वेदना, लघवीची घाई आणि वारंवार संसर्ग ही सारी एकाच झाडाची फळे आहेत. २०१४ साली तज्ज्ञांच्या दोन संस्थांनी या सर्वांना मिळून एकच नाव दिले, त्याचे कारण हेच.

अंगातून वाफा येणे, घाम फुटणे या तक्रारी बहुतेकींच्या बाबतीत काही वर्षांनी ओसरतात. ही तक्रार मात्र उपचारांविना सहसा ओसरत नाही, ती वाढत जाते. सुमारे निम्म्या स्त्रियांना ती कमीअधिक प्रमाणात होते. डॉक्टरांपुढे बोलणाऱ्या त्यांतल्या थोड्याच.

भीती कोठून आली

सासूबाईंच्या त्या कागदाचा इतिहास समजून घेतला पाहिजे. अमेरिकेत 'वीमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यातील सोळा हजारांहून अधिक स्त्रियांचा एक भाग जुलै २००२ मध्ये मुदतीआधीच थांबविण्यात आला. पोटात घेण्याच्या इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिनच्या एकत्रित गोळ्यांनी स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण थोडे वाढलेले आढळले. स्तनाच्या कर्करोगाचे सांगायचे, तर दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला आठ रुग्ण अधिक. त्या स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते. २००३ पासून अमेरिकेत इस्ट्रोजेनच्या सर्वच औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा छापला जाऊ लागला. पोटातल्या गोळीचा इशारा योनिमार्गातल्या मलमालाही जसाच्या तसा लागला. तोच मजकूर जगभरच्या माहितीपत्रकांत उतरला.

या दोन औषधांत किती अंतर आहे, ते साध्या अंकगणिताने पाहा. योनिमार्गात ठेवण्याची इस्ट्राडिऑलची १० मायक्रोग्रॅमची एक गोळी असते. पहिले दोन आठवडे रोज एक आणि पुढे आठवड्याला दोन, असा तिचा क्रम. म्हणजे वर्षाला सुमारे ११४ गोळ्या. सगळ्या मिळून इस्ट्राडिऑल भरते १.१४ मिलिग्रॅम. पोटात घेण्याची साधी एक गोळी १ मिलिग्रॅमची असते आणि ती रोज घ्यायची असते. म्हणजे एकीचा एका दिवसाचा डोस तो दुसरीचा जवळजवळ वर्षभराचा.

त्याच 'वीमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'मधील पंचेचाळीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेला निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. योनिमार्गातील इस्ट्रोजेन वापरणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा वा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग, पक्षाघात किंवा गुठळ्या यांचे प्रमाण न वापरणाऱ्यांपेक्षा अधिक आढळले नाही. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हृदयविकार, स्तनाचा कर्करोग व स्मृतिभ्रंश यांविषयीचे चौकटीतले इशारे काढण्याचा निर्णय जाहीर केला. तरीही आपल्या हाती पडणाऱ्या खोक्यात जुनाच कागद असू शकतो. तो वाचून घाबरू नका आणि तो फेकूनही देऊ नका. तो घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, "यातले मला काय लागू आहे?"

उपयोग किती होतो, तेही सांगते. १९९३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या ९३ स्त्रियांपैकी काहींना इस्ट्रिऑलचे मलम दिले आणि काहींना औषध नसलेले मलम दिले. औषध नसलेल्या गटात संसर्गाचे प्रमाण दर स्त्रीमागे वर्षाला ५.९ वेळा होते, तर मलम वापरणाऱ्यांत ०.५ वेळा. प्रतिजैविकांच्या किती चिठ्ठ्या वाचल्या असतील, याची कल्पना करा.

मलम कसे वापरावे

आपल्याकडे बहुधा इस्ट्रिऑल या सौम्य संप्रेरकाचे मलम देतात. पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री आणि त्यानंतर आठवड्यातून दोनदा, असा त्याचा सर्वसाधारण क्रम आहे. दोनदासाठी वार ठरवून घ्यावेत. सोमवार आणि गुरुवार म्हटले की विसरायला होत नाही. विसरलेच, तर आठवेल तेव्हा लावावे. पण पुढची वेळ जवळ आली असेल, तर राहिलेले सोडून द्यावे. भरपाई म्हणून दुप्पट लावू नये.

ट्यूबसोबत एक नळी मिळते. तिच्यावर खूण असते. डॉक्टरांनी सांगितलेल्या खुणेपर्यंतच मलम भरावे. 'थोडे जास्त लावले तर लवकर गुण येईल' हा विचार येथे चुकीचा आहे. या औषधाची सुरक्षितता त्याच्या अल्प मात्रेत आहे. बाजारात वेगवेगळ्या संप्रेरकांची, वेगवेगळ्या तीव्रतेची मलमे आहेत. म्हणून बहिणीच्या ट्यूबचे माप आपल्या ट्यूबला लावू नये.

झोपण्यापूर्वी हात धुवावेत. पाठीवर पडून गुडघे वर घ्यावेत. नळी जोर न लावता, सहज जाईल तेवढीच आत सरकवावी आणि दट्ट्या दाबावा. हात थरथरत असतील किंवा नळी खुपत असेल, तर बोटाने कसे लावायचे ते डॉक्टरांकडून शिकून घ्यावे. नंतर नळी कोमट पाण्याने व साबणाने धुवावी. उकळत्या पाण्यात टाकू नये. हात पुन्हा धुवावेत. ट्यूब मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. तशीच ती बांगड्यांच्या डब्यामागेही ठेवू नये.

सुरुवातीचे काही दिवस किंचित चुरचुरते, कारण त्वचा पातळ झालेली असते. बहुतेकींचे ते आपोआप थांबते. गुण दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, पुरता गुण यायला दोन-तीन महिने. आठ दिवसांत काही झाले नाही म्हणून पुष्कळ जणी ते सोडून देतात. दुसऱ्या काही जणी बरे वाटले की सोडतात. मग काही महिन्यांत तक्रार परत येते, कारण मूळ अभाव तसाच असतो. हे औषध चष्म्यासारखे आहे. वापरू तोवर उपयोग. वर्षातून एकदा डॉक्टरांना भेटून ते चालू ठेवायचे की नाही, हे ठरवावे.

विवाहित भगिनींसाठी एक सूचना. हे मलम म्हणजे वंगण नव्हे. संबंधाच्या आधी ते लावू नये. औषध पतीच्या त्वचेतही शोषले जाऊ शकते. त्यासाठी पाण्यात मिसळणारे वेगळे वंगण औषधांच्या दुकानात मिळते. तक्रार सौम्य असेल, तर असे वंगण आणि संप्रेरक नसलेले ओलावा देणारे मलम एवढ्यानेही भागते. पती-पत्नींमधला जिव्हाळा साठीनंतर संपत नाही. वेदनेमुळे दूर राहणाऱ्या पत्नीविषयी पतीच्या मनात गैरसमज वाढतो आणि ती बिचारी कारण सांगत नाही. असे अबोल्याने भरलेले संसार मी पाहिले आहेत.

सांभाळायच्या चार गोष्टी

पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रजोनिवृत्तीनंतर अंगावरून लाल गेले, एक डाग जरी दिसला, तरी तपासणी झालीच पाहिजे. मलम सुरू करण्यापूर्वी असे झाले असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा. मलम चालू असताना झाले, तर ते थांबवा आणि जा. माझ्याकडे आलेली एक भगिनी सहा महिने डाग पाहत होती. "पाळी परत आली असेल, औषधाने झाले असेल," अशी तिने मनाची समजूत घातली होती. वास्तविक डाग औषध घेण्याआधीपासूनच होते. निदान झाले तेव्हा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग गर्भाशयाबाहेर गेला होता. हा कर्करोग होणाऱ्या दहांपैकी नऊ स्त्रियांत रक्तस्राव हे लक्षण दिसते. म्हणजे शरीर वेळेवर सांगत असते. प्रत्येक डाग कर्करोगाचा नसतो, बहुतेक नसतातच. पण तो कोणता आहे, हे तपासल्यावाचून कोणालाही कळत नाही. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराचा लहानसा तुकडा तपासणे, एवढ्याने उलगडा होतो.

दुसरी गोष्ट. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या भगिनींनी हे मलम स्वतःहून कधीही सुरू करू नये. त्यांच्यासाठी आधी संप्रेरक नसलेले उपाय करून पाहावेत. तेवढ्याने भागले नाही, तर कर्करोगतज्ज्ञांशी बोलूनच निर्णय व्हावा. लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल यांसारखी औषधे चालू असतील, तर विशेष सावधगिरी हवी. ही औषधे घेत असतानाच योनिमार्गातील इस्ट्रोजेन वापरणाऱ्या स्त्रियांत आजार पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण अधिक दिसल्याचे डेन्मार्कमधील २०२२ च्या अभ्यासात नोंदले आहे. मृत्यूचे प्रमाण मात्र त्यात वाढलेले आढळले नाही.

तिसरी गोष्ट. प्रत्येक खाज रजोनिवृत्तीची नसते. मधुमेह असेल, तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. त्वचेवर पांढरे चट्टे असतील, तर तो वेगळाच विकार असू शकतो. म्हणून एकदा तरी प्रत्यक्ष तपासणी करून घ्या. दुकानदाराला 'खाजेचे मलम' मागितले, तर तो पुष्कळदा स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची खिचडी असलेले मलम देतो. त्यातले स्टिरॉइड दीर्घकाळ लावले, की आधीच पातळ झालेली त्वचा आणखी पातळ होते. दोन दिवस बरे वाटते आणि दुखणे खोल जाते.

चौथी गोष्ट. डेटॉल, सुगंधी साबण, आतून पाण्याने धुणे हे सारे बंद करावे. उरलेसुरले हितकारक जिवाणू त्याने मरतात. बाहेरून साधे पाणी पुरेसे आहे. वैद्यांकडून उपचार घेत असाल, तर जरूर घ्या. पण वैद्यांना आणि डॉक्टरांना, दोघांनाही, दुसरा काय देतो ते सांगा. ऐकीव घरगुती पदार्थ मात्र आत घालू नका.

घराने काय करावे

भगिनींनो, आपण आपल्या मुलींना पहिल्या पाळीच्या वेळी जवळ बसवून सांगतो. तेवढ्याच मायेने आईला आणि सासूबाईंना शेवटच्या पाळीनंतर जवळ बसून विचारणारे कोणी नसते. घरात एखादी वडीलधारी स्त्री वारंवार लघवीला जात असेल, प्रवास टाळत असेल, पाणी कमी पीत असेल, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका. तिला एकटीला बाजूला घ्या आणि विचारा. पहिल्यांदा ती "काही नाही गं" असेच म्हणेल. पुन्हा विचारा. सभागृहाच्या दाराशी उभ्या असलेल्या बंधूंनाही सांगते, औषधाचा खर्च आणि डॉक्टरांकडे नेण्याची तत्परता ही तुमचीही जबाबदारी आहे.

सासूबाईंनी त्यानंतर माझ्याच देखरेखीखाली मलम सुरू केले. तीन महिन्यांनी तक्रार बरीच कमी झाली. पुढची दोन वर्षे एकदाही रुग्णालयाची पायरी चढावी लागली नाही. त्या पुन्हा कीर्तनाला जाऊ लागल्या आणि पहिल्या रांगेत बसू लागल्या. एकदा शेजारच्या काकूंना घेऊन त्या माझ्या दवाखान्यात आल्या आणि सर्वांसमोर म्हणाल्या, "सूनबाई, यांनाही तेच आहे. लाजतात. तू विचार."

मला वाटते, माझ्या आजच्या भाषणापेक्षा त्यांचे ते एक वाक्य अधिक मोलाचे होते. येथून घरी गेल्यावर आपल्यापैकी प्रत्येकीने एका तरी वडीलधाऱ्या स्त्रीला हा प्रश्न विचारावा, एवढीच विनंती करते आणि माझे बोलणे थांबविते.